नोंद कुणाची, बेरीज कुणाची?

आमच्या महाविद्यालयांतून अलीकडे 'डेटा सायन्स' नावाचा विषय शिकवला जाऊ लागला आहे. विद्यार्थ्यांची गर्दी त्याच्याकडे आहे, पालकांची आशा त्याच्यावर आहे. मराठीत त्याला 'विदाविज्ञान' असा शब्द काढण्यात आला आहे. ज्या 'विद्' धातूपासून वेद आला त्याच धातूपासून ही विदाही आली. हा केवळ भाषेतला योगायोग असेल. पण ज्यांना एकापासून पिढ्यानपिढ्या दूर ठेवले गेले त्यांना दुसरीच्या दारात उभे राहताना तो आठवल्याशिवाय राहत नाही. मी वर्गात साधा 'नोंद' हा शब्द वापरतो. तो आमच्या ओळखीचा आहे. जन्माची नोंद, शाळेच्या दाखल्यावरची नोंद, हजेरीची नोंद, सात-बारावरची नोंद, पोलिसांतली नोंद. आमच्या माणसाचे अर्धे आयुष्य कुठली तरी नोंद व्हावी म्हणून, नाही तर झालेली नोंद दुरुस्त व्हावी म्हणून खेपा घालण्यात जाते.

या विषयाची पाठ्यपुस्तके आणि प्रशिक्षणवर्गांची टिपणे गेली काही वर्षे मी वाचतो आहे, शिकवतोही आहे. दलित साहित्याची आणि विचाराची चर्चा करणाऱ्या नियतकालिकात अशा पुस्तकांचे परीक्षण कशासाठी, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की, आज आमच्याविषयी सर्वांत जास्त लिहिले जाते ते कवितेत नव्हे, कथेतही नव्हे, तर तक्त्यात. तो तक्ता कोण लिहितो, त्याचे रकाने कोण पाडतो आणि त्याखालची बेरीज कोण वाचतो, हा वाङ्मयीन प्रश्न नसला तरी सामाजिक प्रश्न निश्चित आहे. आणि समीक्षेचे काम जर लिहिलेल्यामागचा लिहिणारा दाखवणे हे असेल, तर ही पुस्तके तिच्या कक्षेबाहेर राहू शकत नाहीत.

या पुस्तकांचा गाभा एकच आहे. संस्थेत असे काम हाती घेतले की ते सहा पायऱ्यांनी करावे, असे ती सांगतात. व्यवसाय समजून घ्यावा, डेटा समजून घ्यावा, तो स्वच्छ करून तयार करावा, प्रतिमान बांधावे, त्याचे मूल्यमापन करावे आणि शेवटी ते वापरात आणावे. 'क्रिस्प-डीएम' या नावाने ही पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या काही कंपन्यांनी मिळून तयार केली. तिच्यात गुण आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. यंत्रापासून सुरुवात करू नका, प्रश्नापासून करा, असे ती बजावते. पुढच्या पायरीवर अडचण आली तर मागे फिरा, असेही सांगते. आमच्याकडे मागे फिरण्याची कुणाची तयारी नसते, म्हणून हे विशेष.

पण पहिल्याच पायरीवर मी अडतो. व्यवसाय समजून घ्यायचा तो कुणाचा? पुस्तकाचे उत्तर असते : ज्याने काम दिले त्याचा. त्याच्या साहेबांशी बोला, त्यांना काय हवे ते लिहून घ्या, यशाची कसोटी त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. ज्याची नोंद घेतली जाणार आहे त्याच्याशी बोला, असे वाक्य या पुस्तकांतून क्वचितच भेटते. तो माणूस 'विषयतज्ज्ञ' नसतो. तो नोंदीचा विषय असतो.

पुढे शब्द येतात 'डेटा ओनर' आणि 'डेटा स्टुअर्ड'. म्हणजे नोंदीचा मालक आणि नोंदीचा कारभारी. हे शब्द वाचून ज्याला गावगाडा आठवणार नाही तो गावाबाहेर राहिलेला नसावा. कुलकर्णी दप्तर लिही आणि महार शीव ओळखी. शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष निघे, कारण कुठला दगड कुठे होता हे त्याच्या पायांना माहीत असे. वसुलीचा भरणा तालुक्याला तो पोचवी, सरकारी सांगावा तो नेई, मयताची खबर तो देई. आजच्या भाषेत सांगायचे तर माहिती गोळा करणे, ती पडताळणे आणि वाहून नेणे ही तिन्ही कामे त्याची. दप्तर मात्र दुसऱ्याच्या घरात. त्यात काय लिहिले गेले ते त्याला वाचता येऊ नये, अशी सोय धर्मानेच करून ठेवलेली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, तेव्हा त्यांचा रोख यावरच होता की या चाकरीला कामाच्या तासांची सीमा नाही आणि मोबदल्याची शाश्वती नाही. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले, महार वतन १९५८ च्या कायद्याने. कामाची ती वाटणी मात्र गेली असे मला दिसत नाही. आमची मुले पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना काम मिळते ते 'डेटा एंट्री'चे. 'एंट्री' आमची आणि 'सायन्स' त्यांचे, असे माझ्या एका विद्यार्थ्याने हसत हसत म्हटले होते. मला त्यात हसण्यासारखे काही सापडले नाही.

मी एकलहऱ्याला राहतो. येथे राहणाऱ्याला नोंदवहीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. औष्णिक विद्युत केंद्राचे पहिले संच येथे १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच आले. असे केंद्र चालते ते नोंदीवर. वाफेचा दाब, तापमान, चक्रांची गती, पाण्याची पातळी. पाळी बदलताना येणारा माणूस जाणाऱ्याची नोंद वाचूनच खुर्चीवर बसतो. आकडा कुणी घेतला, कुठल्या मापकावरून घेतला, किती वाजता घेतला, हे आकड्याबरोबर असावे लागते. कोळशाचा उष्मांक खाणीजवळ मोजला तर एक भरतो आणि केंद्रात उतरल्यावर मोजला तर दुसरा. मग कुठला खरा यावर कंपन्यांचे वाद चालतात, तिसऱ्या पक्षाकडून नमुने तपासून घ्यावे लागतात. म्हणजे मोजणारा बदलला की माप बदलते, हे ज्ञान उद्योगाला आहे. कोळशाच्या बाबतीत ते ज्ञान वापरले जाते, कारण तेथे पैसा आहे. माणसाच्या बाबतीत तेच ज्ञान कुठे जाते?

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज, पाटबंधारे हे विषयही त्याच खात्याकडे होते. युद्धोत्तर वीजनिर्मितीचे धोरण ठरवणाऱ्या समितीपुढे १९४३ साली त्यांनी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. त्याच खात्याने १९४४ मध्ये रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजूर अन्वेषण समिती नेमली. मजुरांचे वेतन, राहणी, कंत्राटी पद्धत यांची उद्योगवार पाहणी तिने केली. विजेचा हिशेब आणि मजुराचा हिशेब एकाच टेबलावर होता. हे मी स्मरणरंजन म्हणून लिहीत नाही. संस्थेतल्या डेटाचे काम शिकवताना या दोन हिशेबांची जी फारकत झाली आहे ती अटळ नव्हती, एवढेच दाखवायचे आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांना आता क्षेत्रप्रकल्प करावा लागतो. एका वर्षी चार विद्यार्थ्यांच्या गटाला एका आस्थापनेने हजेरीच्या यंत्रातली अकरा महिन्यांची नोंद दिली. काम असे : सफाई आणि भांडी-स्वयंपाक या विभागांत खाडे फार होतात, तर कोण केव्हा खाडा करील याचे भाकीत करणारे प्रतिमान बांधून द्यावे. मुलांनी सहा पायऱ्या चढून ते बांधले. प्रतिमान चांगले चालले, म्हणजे पुस्तकाच्या कसोटीवर चांगले. वयाने मोठ्या बाया, सफाई विभाग, पहाटेची पाळी : येथे खाडा होणार असे ते बिनचूक सांगू लागले.

गटात सामनगावकडची एक विद्यार्थिनी होती. तिची आई दुसरीकडे सफाईचेच काम करते. ती म्हणाली, "सर, माझी आई एवढे खाडे करती तर आमचं घर चाललं नसतं." तेवढ्यावर ती थांबली नाही. वही घेऊन चार दिवस पहाटे साडेपाचला त्या आस्थापनेच्या दाराशी उभी राहिली. तिने पाहिले ते असे. बाई येते, यंत्रावर अंगठा ठेवते, यंत्र घेत नाही. ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते. मागे रांग वाढते. मुकादम म्हणतो, जा आत, मी लिहून घेतो. कधी लिहितो, कधी विसरतो. ज्यांचे हात वर्षानुवर्षे फिनेल, ॲसिड आणि राखेत गेले त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. वय जितके जास्त आणि काम जितके घाण, तितका ठसा पुसट. म्हणजे प्रतिमान खाड्याचे भाकीत करीतच नव्हते. झिजलेल्या बोटांचे भाकीत करीत होते. आणि त्या 'खाड्यां'चा पगार कापला जात होता.

मुलांनी तक्त्यात एक नवा रकाना घातला : 'यंत्राने ठसा घेतला नाही'. चार दिवसांच्या वहीवरून तो अंदाजे भरला आणि आस्थापनेपुढे मांडला. तेथील अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, हे प्रकल्पाच्या मर्यादेत येत नाही. रंगीत आलेखांचा फलक त्यांनी ठेवून घेतला, नवा रकाना परत केला. मुलांना श्रेणी उत्तम मिळाली.

मी हे प्रकरण फार वेळा मनात घोळवले आहे. पुस्तके म्हणतात, या कामातला बहुतेक वेळ डेटा स्वच्छ करण्यात जातो. स्वच्छ करण्याचा हा शब्दही पाहा. रिकामी जागा म्हणजे कचरा. ती काढून टाका, नाही तर सरासरीने भरा. त्या मुलीला कळले ते असे की रिकामी जागा हीच नोंद होती. ते तिला सांख्यिकीने कळले नाही, आईमुळे कळले. पण आईमुळे जे कळले ते सिद्ध करायला तिला वही घेऊन पहाटे उभे राहावे लागले, हेही तितकेच महत्त्वाचे. अनुभव आणि मोजणी यांत वैर नाही. सहा पायऱ्यांत दाराशी उभे राहण्याची पायरी नाही, एवढेच.

आता दुसरा एक तक्ता. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ च्या जनगणनेत ७.१४ टक्के होते आणि १९९१ च्या जनगणनेत ११.०९ टक्के. वर्गात मी हे आकडे इतर दशकांच्या आकड्यांबरोबर देतो आणि आलेख काढायला सांगतो. संगणकापुढे बसलेला हुशार मुलगा लगेच सांगतो की येथे काहीतरी चुकले आहे, आधीचे आकडे 'आउटलायर' दिसतात. आउटलायर म्हणजे सरळ मराठीत गावकुसाबाहेरचा. तो काढून टाकला किंवा रेषेत बसवला की आलेख सुंदर होतो. पण तेथे काही चुकलेले नाही, आणि त्या दहा वर्षांत दलितांच्या घरी एवढी अधिक मुलेही जन्मलेली नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ च्या जनगणनेत ते सुमारे २८ लाख झाले. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध हा अनुसूचित जातीत बसत नव्हता. राज्याने आपल्या सवलती चालू ठेवल्या, केंद्राच्या तक्त्यातून मात्र लाखो माणसे एका रकान्यातून उठून दुसऱ्यात गेली. कित्येकांनी धर्म बदलला आणि सवलत जाईल या धाकाने कागदावर जुनेच राहू दिले. १९९० साली आदेशात दुरुस्ती झाली, बौद्धांचा समावेश झाला आणि १९९१ ला ती माणसे तक्त्यात परत दिसू लागली. एका समाजाने केलेला इतिहासातला एवढा मोठा निर्णय यंत्राला एक वाकडा बिंदू म्हणून दिसतो. मुलांना मी सांगतो, आकडा का वाकला ते आधी आजोबांना विचारा, मग तो सरळ करा.

रकान्याची व्याख्या बदलली की माणसे नाहीशी होतात, तशी एकक बदलले तरी होतात. उच्च शिक्षणातली बिंदुनामावली याचा अलीकडचा दाखला. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अध्यापकांच्या आरक्षणासाठी सबंध विद्यापीठ हे एकक न धरता प्रत्येक विभाग हे एकक धरावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये तसे कळवले. टक्केवारीला कुणी हात लावला नव्हता. अनुसूचित जातींना १५ टक्के कालही होते, आजही होते. पण लहान विभागासाठीच्या तेरा बिंदूंच्या नामावलीत इतर मागासवर्गाचे पहिले पद चौथे, अनुसूचित जातीचे सातवे आणि जमातीचे चौदावे येते. आता हिशेब करा. वीस विभाग, प्रत्येकात पाच अध्यापक, एकूण शंभर पदे. विद्यापीठ एकक धरले तर अनुसूचित जातींची पंधरा पदे. विभाग एकक धरला तर पहिल्या भरतीत एकही नाही, कारण पाच पदांच्या विभागात सातवा बिंदू येतच नाही. जमातींचीही तीच गत. पंधरावरून शून्य, आणि कायद्यातली टक्केवारी शाबूत! देशभर आंदोलन झाले, मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा होऊन संस्था हे एकक पुन्हा ठरले. या विषयाच्या पुस्तकांत 'ग्रॅन्युलॅरिटी' नावाचे प्रकरण असते : नोंद किती बारीक तुकड्यांत ठेवावी. तेथे किराणा दुकानाच्या विक्रीचे उदाहरण असते. मी ते वगळून हे शिकवतो. आमच्या मुलांना ते पाच मिनिटांत कळते. ज्यांना आरक्षणाचा राग आहे त्या मुलांनाही कळते, आणि मग वर्गात जी शांतता पसरते तिच्यात पुढचा तास चांगला होतो.

यावर कुणी म्हणेल, मग आकड्यांवर विश्वासच ठेवू नये. हा निष्कर्ष आमच्यातल्या काही मंडळींना आवडतोही. आकडे म्हणजे व्यवस्थेचे हत्यार, आपले हत्यार अनुभव, असे म्हणण्यात एक क्रांतिकारक थाट आहे. पण तो बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. १२ मार्च १९२७ ला मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले ते भाषण पाहावे. आकडे सरकारच्याच शिक्षण अहवालातले होते. लोकसंख्येचे चार वर्ग केलेले होते. बाबासाहेबांनी प्रत्येक वर्गाची विद्यार्थिसंख्या त्याच्या लोकसंख्येशी ताडून सभागृहापुढे ठेवली. प्राथमिक शाळेत प्रगत हिंदूंचे हजारी ११९, मुसलमानांचे ९२, मधल्या वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे १८. माध्यमिक शाळेत प्रगत हिंदूंचे लाखामागे ३,०००, मागासवर्गाचे १४. लोकसंख्येत दुसऱ्या क्रमांकावर असलेला वर्ग शिक्षणात शेवटी होता. अहवाल सर्व सभासदांच्या टेबलावर असणार. कशाला कशाने भागायचे हे त्यांनी ठरवले, आणि त्या भागाकारात सगळे राजकारण होते. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. भाषणाचा तक्ता आणि तळ्याचे पाणी अशी वेगळी खाती त्यांच्याकडे नव्हती.

आमच्या साहित्याने पहिली वाट बुजू दिली, असे मला वाटते. दलित पँथरचा जन्म १९७२ चा. त्यामागे कविता होती, तरुणांचा संताप होता, हे सगळे सांगतात. पण १९७० साली संसदेपुढे आलेला एलयापेरुमल समितीचा अहवालही त्यामागे होता. अस्पृश्यतेच्या आणि अत्याचारांच्या त्यातल्या नोंदींनी ती मुले पेटली होती. एका सरकारी अहवालाने कवींना रस्त्यावर आणले! पुढे 'बलुतं' आले, 'उपरा' आले, 'उचल्या' आले. प्रत्येक आत्मकथन ही एका माणसाची सच्ची नोंद आहे. समीक्षकांनी त्या नोंदींची भाषा तपासली, प्रामाणिकपणा तपासला. त्यांतली पाटी, मजुरी, भूक, स्थलांतर यांची बेरीज कुणी केली नाही. शंभर आत्मकथने एकत्र ठेवून शाळा कुठल्या इयत्तेत सुटते, बाप कितव्या वर्षी जातो, आईची पहिली मजुरी किती, असा तक्ता केला असता तर तो अनुभवाचा अपमान झाला असता काय? मला तसे वाटत नाही. आमच्या समीक्षेने सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत जेवढी शक्ती घातली तिचा चौथा हिस्सा तरी येथे यायला हवा होता.

हे सगळे दाखले एकत्र ठेवले की एक गोष्ट दिसते. आमच्या बाबतीत व्यक्ती उघडी ठेवली जाते आणि बेरीज झाकली जाते. प्रवेशाच्या यादीत मुलाच्या नावापुढे प्रवर्ग छापून ती भिंतीवर लागते. पहिल्या दिवशीच सबंध वसतिगृहाला कळते कोण कोण आहे. पण किती आले, किती मध्येच सोडून गेले, कुठल्या विषयात नापास झाले, कुठल्या परीक्षकाकडे झाले, ही बेरीज मागितली की ती गोपनीय असते, किंवा संकलित करण्याचे काम चालू असते. आपल्या देशात याच्या उलट तत्त्व कायद्यात लिहिलेले आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे एकेका माणसाची नोंद कुणाला पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही आणता येत नाही. बेरीज मात्र देशाची. संस्थांमधले डेटाचे काम या तत्त्वावर उभे करता येईल. त्याला नवा शोध लागत नाही.

बेरीज झाकण्याचे सर्वांत मोठे उदाहरण २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेचे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले : १९३१ साली जातींची संख्या ४,१४७ होती, २०११ च्या गणनेत ती ४६ लाखांवर गेली. एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांवर नावे आली. अधिकृत याद्यांतल्या जाती ४९४. म्हणून ही माहिती वापरण्याजोगी नाही, असे सांगण्यात आले. कारण काय? जातींची आधी ठरवलेली सांकेतिक यादी प्रगणकाच्या हाती नव्हती. माणसाने सांगितले तसे, प्रगणकाला ऐकू आले तसे, यंत्रात लिहिले गेले. एकच जात दहा तऱ्हांनी. आडनाव, पोटजात, कुळी, गोत्र, सगळे एकाच रकान्यात. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला असा तक्ता दिला तर तो कुरकुर करील, पण बसून जुळवील; हेच तर त्याला शिकवले जाते. २०१५ साली यासाठी तज्ज्ञ समिती जाहीर झाली होती, तिचे काम पुढे सरकले नाही. व्यापाऱ्याचा गबाळा तक्ता असेल तर 'डेटा तयार करणे' ही तिसरी पायरी. आमचा असेल तर ती निरुपयोगी माहिती. हा फरक तांत्रिक नाही.

आता ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयाने जनगणनेतच जात मोजायचे ठरले आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख आहे आणि नोंद मोबाइलवर घ्यायची आहे. प्रगणक बहुधा शिक्षक असतात, म्हणजे आमच्यातलेही असतील. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात काय, यावर वस्त्यांतून आताच वाद चालू आहेत. धर्मांतराने जात टाकली, ती पुन्हा सांगायची कशी, हा भावनेचा प्रश्न खरा आहे. १९६१ ते १९८१ या तीन जनगणनांचा अनुभवही खरा आहे. मला स्वतःला दोन्ही रकाने भरावेत असे वाटते : एक आपण स्वीकारलेले, दुसरा आपल्यावर लादलेल्याचा पुरावा म्हणून. यावर मतभेद होतील, व्हावेत. पण ते प्रगणक दाराशी येण्यापूर्वी व्हावेत.

पडताळणीची एक देशी पद्धत मात्र आपल्याकडे झालेली आहे आणि तिचा उल्लेख मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात आढळला नाही. सात-बाराचे संगणकीकरण झाले तेव्हा हस्तलिखित आणि संगणकातला उतारा यांत चुका निघाल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्याने गावात बसून उतारे मोठ्याने वाचायचे, लोकांनी ऐकून चूक सांगायची. ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचून दाखवणे, ही केवढी साधी गोष्ट! ज्या चावडीची पायरी आमच्या आजोबांना चढता येत नव्हती तेथे बसून त्यांच्या नातवाने 'इतर हक्क' या रकान्यात आपले नाव चुकले आहे असे सांगावे, यात लोकशाहीचा काही अंश नक्कीच आहे. जमीन अशी वाचता येते, जात अशी वाचता येणार नाही. चावडीवर जातीचा पुकार पुरेसा झाला आहे. पण जातींची यादी वाचता येईल, रकान्यांच्या व्याख्या वाचता येतील, कोण कशात धरला जाईल हे वाचता येईल आणि शेवटी बेरीज वाचता येईल. आस्थापनांमध्येही हेच करता येईल. हजेरीच्या यंत्राचा महिन्याचा तक्ता सफाई कामगार बायांपुढे पगारापूर्वी मोठ्याने वाचला असता तर त्या मुलीला चार पहाटे दाराशी उभे राहावे लागले नसते.

आमच्या महाविद्यालयात क्षेत्रप्रकल्पाच्या वहीला आता आम्ही सुरुवातीची काही पाने जोडली आहेत. नोंद घेणाऱ्याच्या शेजारी एक दिवस उभे राहून काय दिसले ते त्यांत लिहायचे. ज्याची नोंद झाली त्याला ती वाचून दाखवायची आणि तो काय म्हणाला तेही लिहायचे. ठरवून दिलेल्या आराखड्यात यासाठी गुण नाहीत. तोंडी परीक्षेच्या गुणांतून ते काढावे लागतात, आणि दोन सहकाऱ्यांना हे मान्य नाही. यंदाच्या तुकडीतल्या दोघांनी आपल्या गावच्या रास्त भाव दुकानातले यंत्र हा विषय घेतला आहे. अंगठा कितव्या खेपेला उमटला हे पावतीवर येत नाही. ती दोघे दुकानाच्या ओट्यावर बसून ते टिपतात. वहीची अकरा पाने भरली आहेत, आणि ज्या बायांची नावे त्यात आहेत त्यांना रविवारी ती वाचून दाखवायची आहेत.